कारंज्याच्या पोथ्या आणि प्राध्यापकांचे शिक्षण

प्राध्यापकाची नेमणूक झाली की त्याचे शिकणे संपले, असे उघडपणे कोणी म्हणत नाही. पण नेमणुकीनंतर तो कशाच्या आधारे शिकत राहणार, हा प्रश्नही फारसा विचारला जात नाही. आज या प्रश्नाला संगणक, इंटरनेट आणि ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रम असे तयार उत्तर मिळते. साधन बदलले की शिकण्याची रीतही बदलते का, हे पाहण्यासाठी आपण वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथे जाऊ. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. आपली हकीकत त्याच्या बरीच आधीची आहे.

कारंज्याच्या जैन मंदिरांत हस्तलिखितांचे मोठे भांडार आहे. १९२० नंतरच्या दशकात अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे हीरालाल जैन यांचे लक्ष या पोथ्यांकडे गेले. अपभ्रंश भाषेतील कितीतरी ग्रंथ तेथे होते, आणि त्यांची छापील प्रत कोठेच नव्हती. १९३१ पासून कारंज्याहून एक ग्रंथमालाच निघू लागली. तिच्यात हीरालाल जैन यांच्याबरोबर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीही संपादन केले. छापखाना हे त्या काळचे ‘नवे साधन’ होते, आणि कॉलेजातील शिक्षकांनी ते स्वतःच्या विषयासाठी वापरले.

याहून मोठे काम पुढे झाले. ‘षट्खंडागम’ या प्राचीन ग्रंथावर वीरसेनाचार्यांनी लिहिलेली ‘धवला’ ही टीका सुमारे बाराशे वर्षांपूर्वीची. तिच्या जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्री प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे जपून ठेवलेल्या होत्या. पुढे त्यांच्या नकला होऊ लागल्या आणि नकलेवरून नकला होत त्या उत्तरेकडे पसरल्या. नकलेत चुका शिरतात, आणि पुढच्या नकलेत त्या वाढतात. म्हणून संपादकांनी अमरावती, आरा आणि कारंजा येथील प्रती शेजारी शेजारी ठेवून पाठ ठरवले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचे साहाय्य मिळाले. पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून निघाला. एकूण सोळा खंड होण्यास सुमारे वीस वर्षे लागली.

या धर्मग्रंथात गणितही आहे. १९४२ च्या चौथ्या खंडात लखनौचे गणिती अवधेश नारायण सिंह यांनी त्यावर लेख लिहिला. त्यातील एक कल्पना वर्गात सहज सांगता येईल. एखादी संख्या एक उरेपर्यंत किती वेळा निम्मी करता येते, त्याला ‘अर्धच्छेद’ म्हणतात. ६४ घ्या: ३२, १६, ८, ४, २, १. म्हणजे ६४ चे अर्धच्छेद सहा. आता ८ चे तीन आणि १६ चे चार. ८ गुणिले १६ म्हणजे १२८, त्याचे सात. गुणाकाराच्या जागी बेरीज आली! आजच्या भाषेत हा २ पाया असलेला लॉगरिदम होय. वीरसेनांनी गुणाकार-भागाकाराचे असे नियम दिले आहेत, आणि ३ व ४ पाया घेऊन त्रिकच्छेद व चतुर्थच्छेदही सांगितले आहेत.

१९४८ साली क्लॉड शॅनन यांनी माहिती मोजण्याचे गणित मांडले. त्यात ६४ शक्यतांतून एक निवडण्यासाठी सहा बिट लागतात. हेही पुन्हा अर्धे करणेच. मात्र यावरून पूर्वजांना संगणक ठाऊक होता, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. एकातून दुसरे निघाले नाही. तीच गणिती कल्पना दोन वेगळ्या कामांसाठी दोनदा सुचली, एवढेच आपण म्हणू शकतो.

आता साधनांकडे वळू. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम उपग्रहाद्वारे दूरदर्शनवर येऊ लागले. ते एकतर्फी होते. पाहणाऱ्याला प्रश्न विचारता येत नसे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडला गेला, आणि त्याच्या जाळ्यात दुहेरी संवादाची सोय झाली. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ आले. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत पदोन्नतीसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम धरले जाऊ लागले. हस्तलिखितांसाठीही २००३ मध्ये राष्ट्रीय मोहीम निघाली. नकलेला पूर्वी महिने लागत, ती आता क्षणात आणि हुबेहूब होते.

पण तीन गोष्टी यंत्र आपोआप करीत नाही. दोन प्रती ताडून खरे-खोटे ठरवणे ही पहिली. दुसऱ्या विषयाच्या जाणकाराशी बोलणे ही दुसरी. संस्कृतचे प्राध्यापक आणि गणिती एकत्र आले नसते तर अर्धच्छेद टीकेतच पडून राहिले असते. आणि शिकलेले आपल्या भाषेत मांडणे ही तिसरी. युनिकोडमुळे देवनागरी मजकूर कोणत्याही संगणकावर वाचता येतो, तेव्हा मराठीत न लिहिण्याला फाँटची सबब उरलेली नाही.

प्रशिक्षणाचा शेवट प्रमाणपत्रात झाला, तर रिसोड किंवा मंगरूळपीरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला त्यातून काय मिळाले? आमच्या मते प्रत्येक ऑनलाइन अभ्यासक्रमानंतर शिक्षकाने एक तरी पाठ, प्रयोग किंवा टिपण मराठीत तयार करून सहकाऱ्यांकडून तपासून घ्यावे. सुरुवात म्हणून ‘६४ चे अर्धच्छेद किती?’ हा प्रश्न उद्या वर्गात विचारून पाहा. त्यानंतर १०० चे किती, असे एखादा विद्यार्थी विचारील. निम्मे करीत गेल्यावर २५ पाशी अडायला होते, आणि खरे शिकवणे तेथून सुरू होते.