पाऊण डॉलरचा हिशेब

इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि राज्यारोहणें हींच डोळ्यांपुढें येतात. आणि महाविद्यालयांत आम्ही इतकीं वर्षें शिकवीत आलों तेंही बहुतेक तेंच. जें घडलें तें बखरकार लिहितो. जें कोणीं घडूं दिलें नाहीं, त्याची नोंद ठेवणारा बखरकार आमच्या पाहण्यांत नाहीं. ही उणीव आम्हांस जाणवली ती एका साध्या प्रश्नामुळें. आमच्या एका विद्यार्थ्यानें इतिहासाची पदवी घेऊन पुढें 'सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर' होण्याचें ठरविलें, तेव्हां त्याचे वडील आमच्याकडे आले व म्हणाले, "सर, हा मुलगा संगणक बनविणार नाहीं, त्यावरचे प्रोग्रॅम लिहिणार नाहीं. मग हा करणार तरी काय?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याचें उत्तर द्यावयाचें तर या धंद्याच्या जन्मापासूनच आरंभ केला पाहिजे.

आरंभींचे संगणक एका वेळीं एकाचेंच काम करीत. भोकें पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा यंत्रचालकाच्या स्वाधीन करावा आणि उत्तराची वाट पाहत बसावें, अशी रीत होती. १९६१ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनीं एकाच यंत्रावर अनेकांना एकदम काम करतां येईल अशी व्यवस्था करून दाखविली. एका वाड्यांत अनेक बिऱ्हाडें राहूं लागलीं म्हणजे जें होतें तेंच येथें झालें. प्रत्येकाची खोली वेगळी, प्रत्येकाची किल्ली वेगळी. या किल्लीलाच आपण पासवर्ड म्हणतों. साहजिकच सर्वांच्या किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारा एक कारभारी लागूं लागला. जुडगा निसटला तर काय होतें, याचा धडाही तेथेंच मिळाला. एके शुक्रवारीं सायंकाळीं दोन फायलींची अदलाबदल होऊन, यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकाला नेहमींच्या निरोपाऐवजीं सर्वांच्या पासवर्डांची यादीच वाचावयास मिळाली!

पुढें १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं युनिक्स प्रणालीची उभारणी आरंभिली. तिच्यांत कारभाऱ्याच्या खात्याला 'रूट', म्हणजे मूळ, असें नांव आहे. ज्याच्या हातीं रूट, त्याला दुसऱ्याचें पत्र उघडतां येतें, दुसऱ्याचें काम पुसून टाकतां येतें, आणि आपण तसें केल्याच्या खुणाही मोडतां येतात. नाना फडणिसांच्या हातींही इतकी निरंकुश सत्ता नव्हती, असें म्हटल्यास आमचे इतिहासमित्र रागावणार नाहींत अशी आशा आहे.

अशी सत्ता हातीं आलेल्या एका मनुष्याची हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. क्लिफर्ड स्टोल हा मुळांत खगोलशास्त्रज्ञ. १९८६ सालीं अनुदान संपल्यामुळें कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनें त्याला संगणकविभागांत कारभारी नेमलें. (या धंद्यांत पुष्कळ लोक असे दुसऱ्या वाटेनें चुकूनच आलेले असतात.) रुजू होतांच त्याला एक क्षुल्लक काम मिळालें. संगणकाच्या वापराचे दोन हिशेब जुळत नव्हते. फरक होता ७५ सेंटांचा, म्हणजे पाऊण डॉलरचा. दुसरा कोणी असता तर खिशांतून तेवढे पैसे टाकून मोकळा झाला असता. स्टोलनें वह्या चाळल्या, तों एक खातें असें सांपडलें कीं ज्याचें बिल पाठविण्यास पत्ताच नव्हता. कोणी परका वाड्यांत शिरला होता, आणि रूटची किल्लीही त्यानें मिळविली होती.

दार लावून घ्यावें कीं चोराला हिंडूं देऊन माग काढावा? स्टोलनें दुसरा मार्ग पत्करला. सुटीच्या दिवसांत सहकाऱ्यांच्या टेबलांवरचीं मुद्रणयंत्रें उसनीं आणून त्यानें बाहेरून येणाऱ्या सुमारें पन्नास तारांना जोडलीं, आणि स्वतः टेबलाखालीं निजला. चोर लष्करी संगणकांचीं दारें ठोठावीत होता. अमेरिकेच्या तपासखात्याला कळविलें, तर नुकसान किती असा सवाल आला. आणि पाऊण डॉलर हें उत्तर ऐकून कोणी हललें नाहीं. चोर महत्त्वाचा कागद उचलूं लागे, तेव्हां स्टोल आपल्या किल्ल्या तारेजवळ खुळखुळवी, म्हणजे तारेवर खरखर होऊन मजकूर बिघडे. शेवटीं त्यानें खोट्या लष्करी दप्तराचें आमिष ठेविलें. चोर तें वाचीत बसला, तेवढ्या अवधींत माग पश्चिम जर्मनींतील हानोव्हर शहरापर्यंत पोहोंचला. नवल असें कीं १९८७ सालीं पिट्सबर्गहून साध्या टपालानें त्याच खोट्या कागदांची मागणी करणारें पत्रही आलें. मिळविलेली माहिती सोव्हिएट हेरखात्यास विकली जात होती. मार्कुस हेस व त्याचे साथीदार यांस १९९० सालीं जर्मन न्यायालयानें शिक्षा दिली.

स्टोलनें १९८९ सालीं यावर पुस्तक लिहिलें व तो प्रसिद्धीस आला. आम्हांस मात्र त्याच्या धाडसाहून तो पाऊण डॉलरच अधिक मोलाचा वाटतो. शिवाय त्याचें नांव झालें तें चोर आला म्हणून. जेथें चोर आलाच नाहीं, तेथल्या कारभाऱ्याचें नांव कोण घेणार? त्याच १९८९ सालीं ईव्ही नेमेथ या विदुषीनें सहकाऱ्यांसह युनिक्सच्या व्यवस्थापनाचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तोंवर ही विद्या बहुतांशीं गुरुमुखानें व चुका करूनच शिकावी लागे. आतां यंत्रें दूरदेशींच्या कोठारांत गेलीं आहेत, पुष्कळशी कामें आपोआप होतात; जुडगा मात्र अजून कोणा मनुष्याच्याच हातीं असतो.

ही सर्व हकीकत आम्हीं त्या गृहस्थांस सांगितली. ते बँकेंतून निवृत्त झालेले. बराच वेळ कांहीं बोलले नाहींत, मग म्हणाले, "आमच्या शाखेंत एका रुपयाचा फरक राहिला, तर रात्रींचे नऊ वाजले तरी कोणी जागचें उठत नसे." आणि मुलाकडे वळून, रात्रपाळीचा भत्ता किती मिळतो, एवढेंच त्यांनीं विचारिलें.