बंगालची मेंढी, ऑस्ट्रेलियाचं नाव, फलटणचं कोकरू

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, पण लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचायला मिळतो, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर नेहमीप्रमाणे खाली देतोय. बोलताना अडखळलो तेवढं दुरुस्त केलंय, बाकी बोललो तसंच आहे.

माझ्या आजीचं गाव फलटण तालुक्यात. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत गेलो की आमच्या रानात मेंढरं बसलेली असायची. शहरातल्या मित्रांसाठी सांगतो, ‘मेंढरं बसवणं’ म्हणजे पीक निघालेल्या रानात धनगरांच्या मेंढ्या रात्रभर मुक्कामाला ठेवायच्या. त्यांच्या लेंड्या आणि मुताने जमिनीला खत मिळतं, आणि त्याबदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. चारी बाजूंनी वाघर, म्हणजे जाळं, लावलेलं असतं. आत मेंढ्या, बाहेर कुत्री. दिवाळी झाली की यातले बरेच वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या आधी परत येतात. हे शेकडो वर्षं चाललंय.

गेल्या दिवाळीत असाच एक वाडा आमच्या रानात होता. त्यातल्या एका मेंढीला दोन कोकरं लुचत होती. मेंढीच्या कानात बिल्ला. मी सहज विचारलं, तर मेंढके मामा म्हणाले, “ही सुवर्णा हाय. फलटणच्या निंबकरांच्यातल्या नराची लेक. हिच्या आयला, आजीला कधी जुळं नव्हतं. हिला दोनदा झालं.”

आता मी इंजिनिअर माणूस. मला हे ऐकून एकच प्रश्न पडला, हा बदल नक्की कोणी केला? आमच्या कामात ‘गिट ब्लेम’ नावाची एक कमांड असते. कोडमधली कुठलीही ओळ निवडा, ती शेवटची कोणी आणि कधी बदलली ते नावानिशी दिसतं. त्या रात्री आजीच्या ओसरीवर, दोन काड्या रेंजमध्ये, मी मेंढीवर गिट ब्लेम चालवत बसलो. आणि फलटणहून निघालेला माग ऑस्ट्रेलियाला जाऊन परत आपल्याकडेच आला. तीच गोष्ट आज सांगतोय.

आधी आपली मेंढी समजून घेऊ. दख्खनी मेंढी ही आपल्या पठारावरची, काटक, बहुतेक काळी, दिवसाला मैलोनमैल चालणारी. तिला एका वेतात साधारणपणे एकच कोकरू होतं. तिची लोकर जाडीभरडी. मऊ कापडासाठी जगभर नावाजलेल्या मरिनो मेंढीच्या लोकरीपेक्षा दुपटीने जाड म्हणा. त्यामुळे स्वेटर होत नाही, पण घोंगडं होतं. लोकर कातरायची, पिंजायची, बायकांनी चरख्यावर सूत काढायचं, चिंचोक्याची खळ लावून ताणा कडक करायचा आणि सनगराने किंवा खुटेकर धनगराने खड्ड्यातल्या मागावर विणायचं. थंडीत पांघरूण, पावसात डोक्यावर खोळ, पूजेला आसन, सगळं त्यातच.

पुढे गिरणीतल्या स्वस्त ब्लँकेटांनी बाजार घेतला आणि लोकरीचा भाव पडला. मामा म्हणाले, कातरायची मजुरीसुद्धा त्या लोकरीतून सुटत नाही, म्हणून कातरलेली लोकर बांधावर टाकून देतात. म्हणजे मेंढीचं उत्पन्न आता मुख्यतः मटणाचं. आणि मटण म्हणजे कोकरं. वर्षाला एका मेंढीमागे एकच कोकरू, त्यातलं एखादं लांडगा नेतो, एखादं आजाराने जातं. चरायची रानं तर कमी होत चालली आहेत. मेंढ्यांची संख्या वाढवायची नाही आणि उत्पन्न वाढवायचं, तर करायचं काय?

इथे आपण एकदम दोनशे वर्षं मागे आणि समुद्रापार जाऊ.

१७८८ मध्ये इंग्रजांनी सिडनीला कैद्यांची वसाहत वसवली. सुरुवातीची वर्षं उपासमारीची. इंग्लंड काही महिन्यांच्या अंतरावर, मग मदत मागवायची एक जागा म्हणजे कलकत्ता. १७९२ आणि १७९३ मध्ये कलकत्त्याहून सिडनीला गेलेल्या जहाजांवर तांदूळ-डाळीबरोबर बंगालच्या मेंढ्याही होत्या. लोकरीसाठी नाही, खायला. ऑस्ट्रेलियाच्या लोकर उद्योगाचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात त्या जॉन मॅकार्थरच्या कळपाची सुरुवातही अशा बंगाली मेंढ्यांपासून झाली. नंतर मरिनो आल्या, संकर होत गेले, बंगालच्या बुटक्या मेंढ्या त्या गर्दीत विरघळून गेल्या. निदान सगळ्यांना तसं वाटलं.

दीडशे वर्षांनी न्यू साउथ वेल्समधल्या कूमा गावाजवळ ‘बुरूला’ नावाच्या फार्मवर सीअर्स नावाचे दोन भाऊ मेंढ्या पाळत होते. मरिनोला जुळी कमी होतात, पण यांच्या कळपात काही मेंढ्यांना तिळी, चौळी व्हायची. भावांनी अशा मेंढ्या बाजूला काढून जपल्या. १९५८ मध्ये त्यांनी तिथल्या सरकारी संशोधन संस्थेला, सीएसआयआरओला, एक नर भेट दिला. एकाच वेतात जन्मलेल्या पाच कोकरांपैकी एक होता तो!

या कळपावर काम करणाऱ्या संशोधकांत एक बाई होत्या, हेलेन न्यूटन टर्नर. त्यांचं मूळ शिक्षण आर्किटेक्चरचं. संशोधन संस्थेत त्या लागल्या त्या सेक्रेटरी म्हणून, तिथून संख्याशास्त्राकडे वळल्या आणि पुढे मेंढ्यांच्या अनुवंशशास्त्रातलं जगभर घेतलं जाणारं नाव झाल्या. ‘माझी ब्रँच चुकली’ म्हणून रडणाऱ्या सगळ्या बीटेकवाल्यांनी (मी पण आलो त्यात) हे लक्षात ठेवा. तर या टर्नरबाईंनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या नोंदी चाळून एक शक्यता मांडली. बुरूलाचा हा गुण मरिनोचा नसावा, १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या मेंढ्यांचा असावा. पण पुरावा म्हणावा असं हातात काही नव्हतं.

पुरावा मिळायला २००१ साल उजाडलं. तीन वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी तो बदल नेमका शोधला. मेंढीच्या एका जनुकात, ज्याला ‘फेक-बी’ म्हणतात, एका ठिकाणी ‘ए’ च्या जागी ‘जी’ आहे. बस, एवढंच. अब्जावधी अक्षरांच्या फाइलमध्ये एका अक्षराचा फरक! त्यामुळे मेंढीच्या अंडाशयातून एका वेळी एकाऐवजी जास्त बीजं सुटतात. आई किंवा बाप, कुणा एकाकडून जरी हा बदल आला तरी परिणाम दिसतो.

अक्षर सापडलं म्हटल्यावर ते आणखी कुठे आहे हे शोधणं सोपं झालं. २००२ मध्ये एक शोधनिबंध आला, आठ देशांतल्या, जास्त कोकरं देणाऱ्या मेंढ्यांची डीएनए तपासणी. युरोपातल्या नावाजलेल्या जातींत हे अक्षर नव्हतं. सापडलं ते दोन ठिकाणी, इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या मेंढ्यांत आणि सुंदरबनच्या गरोळमध्ये. टर्नरबाईंचा अंदाज खरा निघाला. ऑस्ट्रेलियाचा म्हणून जगभर गाजलेला ‘बुरूला जीन’ बंगालच्या खाडीतून गेलेला होता.

गरोळ कशी असते? शेळीच्या पिलाएवढी वाटेल अशी. पूर्ण वाढलेली मेंढी बारा-चौदा किलोची, म्हणजे आपल्या दख्खनीच्या साधारण निम्मी. खारट दलदलीत, गुडघाभर पाण्यात उभी राहून गवत खाते. पाळणारे बहुतेक अगदी लहान शेतकरी, दारात दोन-चार मेंढ्या. तिला जुळी-तिळी होणं यात त्यांना नवल नाही.

आता फलटण. बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था सुरू केली. गंमत बघा, जीन सापडायच्या आधीच, १९९०च्या दशकात, त्यांनी सुंदरबनातून गरोळ मेंढ्या फलटणला आणून दख्खनीशी संकर सुरू केला होता. पुढे त्यांची कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी हे काम चालवलं. ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ जोडले गेले, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही आली.

काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. गरोळची जुळी हवीत, पण तिचा बुटका बांधा नको, कारण बारीक कोकराला बाजारात कोण विचारतो? म्हणून पिढी दर पिढी परत दख्खनीशी संकर करायचा. गरोळचं रक्त निम्मं, मग पाव, मग दोन आणे. पण दर पिढीत ते एक अक्षर हरवण्याची शक्यताही निम्मी! शिवाय नराला कुठे वेत होतं? त्याच्यात गुण आहे की नाही हे कळायला त्याच्या लेकी वयात येऊन विईपर्यंत थांबायचं. २००१ नंतर चित्र बदललं, रक्ताचे थोडे थेंब पुरायला लागले. प्रोग्रामर मंडळींसाठी एका शब्दात सांगायचं तर हे ‘चेरी-पिक’ आहे. दुसऱ्याच्या ब्रँचमधला एकच बदल उचलायचा, बाकी काही आणायचं नाही. फक्त आम्ही ते एका सेकंदात करतो, इथे वर्षानुवर्षं लागली. त्यातून जी मेंढी तयार झाली तिचं नाव ‘नारी सुवर्णा’. संस्थेच्या गोठ्यापुरती न ठेवता तिचे नर धनगरांच्या कळपांत दिले गेले, तिथे नोंदी ठेवल्या गेल्या.

इथे ‘आणि मग सगळे सुखी झाले’ म्हणून भाग संपवायचा मोह होतो. पण मामांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली होती. जुळ्यातली कोकरं जन्मतः लहान असतात. आईचं दूध दोघांत वाटलं जातं. वाडा चालायला लागला की ती घोड्यावर टाकून न्यावी लागतात. दूध कमी पडलं तर शेळीला लावायचं, म्हणून कळपात दोन-चार शेळ्या ठेवायच्या. हे काम मामींचं आणि त्यांच्या सुनेचं. “दोन झाली तर दोन जगवावी लागत्यात. जगली तर पैसा,” मामी म्हणाल्या. अक्षर बदललं तरी कोकरू जगवायचं काम कुणाचं तरी दोन हातांचंच राहतं.

मला त्या रात्री सगळ्यात जास्त खटकलं ते नावाचं. जिनाला नाव मिळालं ते बुरूलाचं. सीअर्स भावांनी मेंढ्या ओळखल्या, जपल्या, दिल्या, त्यांचं श्रेय आहेच. पण त्याआधी किती पिढ्या सुंदरबनातल्या लोकांनी हा गुण सांभाळला, त्यांचं एकही नाव कुठल्या कागदावर नाही. गिट ब्लेमचा हाच दोष आहे. ज्याने शेवटी नोंद केली त्याचं नाव दिसतं. ज्याने मूळ लिहिलं, त्याच्याकडे अकाउंटच नव्हतं.

मी सकाळी हे तावातावाने आजीला सांगत होतो. अंगावर तिचंच जुनं काळं घोंगडं, तिच्या लग्नानंतर घरच्या रानात बसलेल्या मेंढरांच्या लोकरीचं. मी विचारलं, हे विणलं कोणी? आजीने बराच विचार केला. म्हणाली, “सनगराचं आहे. म्हातारा होता. नाव काय रे त्याचं…” आणि मग तिला आठवलंच नाही. साठ वर्षं ती ते पांघरतेय. मलाही याआधी कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

म्हणून या वेळी तुम्हाला एक काम. घरात हाताने केलेली एखादी जुनी वस्तू असेल, घोंगडं, गोधडी, पाटी, दावं, काहीही, तर ती कोणी केली ते घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला आज विचारा आणि फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. नाव, गाव, एवढं पुरे. मला पाठवलं नाहीत तरी चालेल.

पुण्याला परतल्यावर मामांना फोन करून ही सगळी कथा सांगितली. कलकत्ता, सिडनी, ते पाच कोकरांतला नर, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हटलं आता थक्क होतील. पलीकडून प्रश्न आला, “त्या बंगालच्या मेंढीला दूध किती असतंय?”

शोधून सांगतो, म्हणालो. भेटू पुढच्या भागात!