सोपारे (शूर्पारक)

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील प्राचीन बंदर. आज वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत, नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेस. पाली ग्रंथांत सुप्पारक, प्राकृत लेखांत सोपारक, ग्रीकांकडे सुप्पारा, अरबांकडे सुबारा अशी याची नावे आढळतात. वसईची खाडी आणि वैतरणा यांच्यामधला हा पट्टा पूर्वी बेटासारखाच होता. आतल्या खाडीचा आसरा हे बंदराचे मोठे बळ.

महाभारताने शूर्पारक परशुरामाशी जोडले आहे. ‘महावंसा’तला राजपुत्र विजय लंकेला जाण्याआधी इथे उतरतो आणि ‘दिव्यावदाना’तला इथला व्यापारी पूर्ण बुद्धासाठी चंदनाचा विहार बांधतो. या कथाच; पण सोपाऱ्याचे नाव निघाले की गलबत आणि चंदन आठवावे, एवढी त्याची ख्याती होती.

ठोस पुरावा अशोकाचा, इ. स. पू. तिसऱ्या शतकातला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तर नवव्याचा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात. राजाज्ञा कोरायला निवडलेली जागा त्याआधीच गजबजलेली असणार.

तिथल्या माणसांची गाठ मात्र सोपाऱ्यात पडत नाही. त्यासाठी घाट चढावा लागतो. नाणेघाटातल्या पाण्याच्या एका पोढीवर सोपाऱ्याच्या गोविंददासाचे नाव आहे. कल्याणहून जुन्नरकडे माल नेणाऱ्या तांड्यांची तहान त्या पाण्याने भागवली असेल. कार्ल्याच्या चैत्यात सोपाऱ्याच्या सातिमिताने स्तंभ दिला. नाशिकच्या लेणे क्र. १० मध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात आपली दाने सांगतो. त्यात सोपाऱ्याची धर्मशाळा आहे आणि नानंगोल गावच्या ३२,००० नारळी आहेत. त्या ज्या चरकांच्या, म्हणजे फिरत्या तपस्व्यांच्या, परिषदांना दिल्या, त्यांतली एक सोपाऱ्याच्या रामतीर्थावरची. वाडीवर पोट असलेल्या किनाऱ्याला हे दान परके वाटायचे नाही.

गावाबाहेरच्या टेकाडाला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. तो कोट नव्हे, स्तूप. एप्रिल १८८२ मध्ये इंद्रजींनी तो खणला, तेव्हा मधोमध दगडी पेटी निघाली. तिच्यात एकात एक पाच करंडक होते: तांब्याचा, चांदीचा, दगडी, स्फटिकाचा आणि सोन्याचा. सोबत सोन्याची फुले, आणि सर्वांत आत मातीच्या भांड्याच्या खापऱ्या; हे बुद्धाचे भिक्षापात्र, असे इंद्रजींनी मानले. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही सापडले. तांब्याच्या करंडकाभोवती आठ कांस्यमूर्ती होत्या, त्या मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे जुनी ठेव कोणीतरी पुन्हा उघडली आणि नव्या मूर्तींसह मिटली. बौद्ध सोपारे सातवाहनांबरोबर संपले, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. ही ठेव मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेली.

शिलाहार राजा अनंतदेवाच्या १०९४ च्या ताम्रपटात ठाणे व चौल यांच्याबरोबर शूर्पारकही जकात घेणारे बंदर म्हणून येते. १३२१ मध्ये ठाण्यात मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन साधूंना जॉर्डनस या धर्मोपदेशकाने इथल्या चर्चमध्ये पुरले. पुढे खाडी गाळाने भरत गेली, आणि १५३४ नंतर पोर्तुगिजांच्या वसईने उरलेला मान घेतला. आजचे ‘नालासोपारा’ हे नाव नाळे आणि सोपारे या दोन गावांचे मिळून झालेले आहे.