१२९ ढालकिडे

१८८८ च्या ऑगस्टमध्ये आल्बर्ट कोबेले हा अमेरिकी शेतीखात्यातला कीटकतज्ज्ञ सॅन फ्रान्सिस्कोला ऑस्ट्रेलियाच्या बोटीत चढला, तेव्हा कागदोपत्री तो मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या कामाला निघाला होता. प्रदर्शनाशी त्याचं देणंघेणं जेमतेमच. कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा बुडवणाऱ्या एका किडीचा वैरी हुडकायचा आणि तो जिवंत घरी धाडायचा, हे खरं काम. हा आडमार्ग धरावा लागला, कारण शेतीखात्याच्या माणसांनी सरकारी पैशाने परदेशी जायचं नाही, अशी अट संसदेने खर्चाच्या मंजुरीतच घालून ठेवली होती. खात्याचा मुख्य कीटकतज्ज्ञ चार्ल्स रायली युरोपच्या वाऱ्या फार करतो, असा राजकारण्यांचा राग होता म्हणतात. शेवटी प्रदर्शनाच्या तरतुदीतून २००० डॉलर बाजूला निघाले आणि कोबेले मार्गी लागला. पुढे जगभर ज्या शास्त्राच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, त्याचा पाया असा हिशेबाच्या वहीतल्या चलाखीवर घातला गेला.

कीड होती इसेरिया नावाची खवले कीड. ती फांदीला चिकटून बसते आणि रस शोषते. मादी पाठीमागे कापसासारखी पांढरी, उभ्या रेघांची पिशवी धरते आणि तिच्यात शेकड्यांनी लाल अंडी घालते. खाली पानांवर चिकटा पडतो, चिकट्यावर काळी बुरशी येते, आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. १८६८ च्या सुमारास ती कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला बाभळीच्या कुळातल्या ऑस्ट्रेलियन झाडांवर पहिल्यांदा दिसली. पुढच्या वीस वर्षांत दक्षिणेकडच्या बागाईतदारांवर झाडं तोडून जाळायची वेळ आली. रायलीचा तर्क सरळ होता. कीड ऑस्ट्रेलियातून आली आहे, पण ऑस्ट्रेलियात तिच्या नावाने कोणी फारसं रडत नाही. म्हणजे तिथे तिला कोणीतरी आवरून धरतं आहे, आणि इकडे येताना ती त्या कोणाला तरी मागे टाकून आली आहे. ॲडलेडच्या फ्रेझर क्रॉफर्डने तशी एक बारीक माशी पाठवलीही होती. तिची अळी इसेरियाच्या पोटात वाढते आणि तिला आतून खाते. कोबेले निघाला तो या माशीसाठी.

किडीवर कीड सोडायची कल्पना मात्र रायलीची नव्हे, युरोप-अमेरिकेचीही नव्हे. जी हान या चिनी लेखकाच्या नावावर इ. स. ३०४ चा, दक्षिणेकडच्या वनस्पतींवरचा एक ग्रंथ आहे. (ग्रंथ खरोखर तेवढा जुना आहे का, यावर अभ्यासकांत वाद आहेत.) त्यात लिहिलं आहे की दक्षिणेच्या बाजारात लव्हाळ्याच्या चटईच्या पिशव्यांतून मुंग्या विकायला येतात, डहाळीपानांसकट, घरट्यासकट. तांबूस पिवळी, नेहमीच्या मुंगीहून मोठी अशी ही मुंगी संत्र्याच्या झाडावर नसेल, तर एकही फळ धड हाती लागत नाही. पुढच्या काळात बागाईतदारांनी एका झाडावरून दुसऱ्यावर बांबूच्या काठ्या टाकून मुंग्यांना पूल करून दिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संत्र्याच्या रोगाला तोंड देणाऱ्या जाती शोधत अमेरिकी संशोधक ग्वांगडोंगला गेले, तेव्हा ही मुंगीची शेती तिथे चालूच होती. येमेनच्या खजूरवाल्यांचीही अशीच रीत, ते डोंगरातल्या मुंग्या आणून खजुराच्या झाडांवर सोडत. लिनियसचा शिष्य पीटर फोर्सकोल याने ती नोंदवून ठेवली. तो स्वतः येमेनमध्येच १७६३ साली वारला, नोंद छापली गेली १७७५ मध्ये.

चीनची ती मुंगी आपल्याला अनोळखी नाही. कोकणात, गोव्यात आंब्याफणसावर पानं शिवून घरटं करणारी जी ओंबील, तीच ही. काही मुंग्या रांगेने पानाच्या कडा जवळ ओढून धरतात. बाकीच्या आपल्याच अळ्या जबड्यात धरून या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवतात, आणि अळीच्या तोंडून निघणाऱ्या रेशमाने पानं सांधली जातात. आंबे उतरवायला झाडावर चढणाऱ्याला हे कौतुक सांगायला जाऊ नये, त्याच्याकडून आधी दोन शिव्या ऐकाव्या लागतील. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काजूच्या बागांत मात्र ढेकण्याच्या जातीच्या किडीवर हीच मुंगी वापरून बघितली गेली आणि ती उपयोगी पडली. तिचा एक अवगुणही आहे. चिकट्याच्या लोभाने ती काही रसशोषक किडी स्वतःच सांभाळते. चिनी बागाईतदाराला हे चालत असे, कारण मुंगी त्याच्या रोजच्या नजरेखाली होती.

नजरेआड गेलेल्या प्राण्यांची गोष्ट वेगळी. १७६२ साली फ्रेंचांनी आपली साळुंकी भारतातून मॉरिशसला नेली, ती टोळ खाण्यासाठी. तिने टोळ खाल्ले, पण साळुंकी काय टोळांवरच थांबणार? १८७२ साली कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकाला गेली, उसातले उंदीर मारायला. उंदीर कमी झाले तशी ती जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांवर, सरड्यांवर आणि लोकांच्या कोंबड्यांवर घसरली. शत्रूचा शत्रू आणताना त्याला आणखी काय काय आवडतं, हे आधी विचारलं पाहिजे, हा धडा त्या काळात कोणी मनावर घेतला नव्हता. रायली आणि कोबेलेनेही घेतला नव्हता. त्यांचं नशीब थोर, एवढंच.

१५ ऑक्टोबर १८८८ ला ॲडलेडच्या उत्तर भागातल्या एका बागेत कोबेलेला इसेरियाच्या एका मोठ्या मादीवर एक ढालकिडा बसलेला दिसला. अंगाने तीन-चार मिलिमीटर, लाल, वर काळे डाग. तो मादीला खात होता. कोबेलेचं लक्ष तोवर क्रॉफर्डच्या माशीवर होतं, त्या माशा त्याने हजारोंनी धाडल्या. ढालकिडे मिळतील तसे थोडे थोडे, बोटीतल्या बर्फाच्या कोठीत ठेवून पाठवले. ३० नोव्हेंबरला २८ पोचले, डिसेंबरअखेर ४४, जानेवारीत ५७. एकूण १२९.

लॉस एंजेलिसला ते उतरवून घ्यायला डॅनियल कॉकिलेट होता. याच माणसाने १८८६ साली, तिथल्याच वुल्फस्किल नावाच्या बागाईतदाराच्या बागेत, झाडावर कापडी तंबू टाकून आत सायनाइडचा धूर सोडायची पद्धत बसवली होती. आता त्याच बागेत इसेरियाने भरलेल्या एका संत्र्याच्या झाडावर तंबू टाकला गेला, आणि आत विषाऐवजी ढालकिडे सोडले. मादी आपली अंडी थेट इसेरियाच्या त्या पांढऱ्या पिशवीवर किंवा तिच्याखाली घालते. अळी बाहेर पडते ती ताटावरच. पिशवीत घुसून आधी अंडी फस्त करते, मग मोठ्या किडीला लागते. एप्रिलपर्यंत तंबूतलं झाड जवळजवळ साफ झालं. तंबूची एक बाजू उघडली आणि किडे शेजारच्या झाडांवर गेले.

जूनपर्यंत तिथून दहा हजारांहून जास्त किडे दोनशेवर बागाईतदारांच्या घरी गेले. लोक डबे घेऊन यायचे आणि किड्यांसकट डहाळ्या घेऊन जायचे. वर्ष संपायच्या आत दक्षिण कॅलिफोर्नियातली इसेरिया बागाईतदाराच्या काळजीच्या यादीतून उतरली. लॉस एंजेलिस परगण्यातून बाहेर जाणाऱ्या संत्र्यांच्या वाघिणी एका वर्षात ७०० वरून २००० वर गेल्या असं नोंदलं आहे. खूश झालेल्या बागाईतदारांनी कोबेलेला सोन्याचं घड्याळ दिलं, त्याच्या बायकोला हिऱ्याची कर्णफुलं. रायलीच्या वाट्याला श्रेयावरून कॅलिफोर्नियाच्या लोकांशी भांडणं आली. मला यात रायलीची बाजू थोडी खरी वाटते. किडा कोबेलेला सापडला, पण कुठे शोधायचं हे रायलीने सांगितलं होतं.

पुढे कॅलिफोर्नियाला ढालकिड्यांचं वेडच लागलं. १८९१ मध्ये कोबेलेला पुन्हा पाठवलं, त्याने नाना जातींचे ढालकिडे धाडले, आणि बहुतेकांनी काहीच केलं नाही. पहिल्या खेपेचं यश कशात होतं हे यातून उमगतं. तो लाल किडा जवळपास इसेरियाशिवाय दुसरं काही खात नाही. इसेरिया कमी झाली की तो कमी होतो, वाढली की वाढतो, आणि त्याची पिढी तिच्याहून लवकर तयार होते. साळुंकीकडे आणि मुंगसाकडे नसलेली गोष्ट त्याच्याकडे होती. त्याला दुसरी चवच नव्हती.

त्या दुसऱ्या खेपेत गेलेल्यांपैकी एक होता क्रिप्टोलेमस. तो पिठ्या ढेकूण खातो. १८९८ साली न्यूपोर्ट नावाच्या गृहस्थाने तो ऑस्ट्रेलियातून दक्षिण भारतात आणला, तो मात्र कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी. कॉफीवर त्याने निराशा केली. पण तो टिकला, पसरला, आणि कित्येक वर्षांनी पिठ्या ढेकणावर ताव मारताना आढळला. इसेरियाचा लाल वैरीही आपल्याकडे आला, निलगिरीत, १९३० च्या आगेमागे, कारण तोवर इसेरियाच तिथे पोचली होती.

मधल्या काळात डीडीटी आलं आणि किडे विस्मरणात गेले. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियाच्या सॅन होकिन खोऱ्यात संत्र्यावर दुसऱ्याच किडींसाठी ते फवारलं गेलं. त्यात ढालकिडे मेले, आणि साठ वर्षं दबून असलेली इसेरिया पुन्हा पांढरीफटक वर आली. औषध थांबवून ढालकिडे परत आणून सोडले तेव्हा ती पुन्हा दबली. एखाद्या किड्याचं काम किती मोठं आहे याचा इतका चोख पुरावा क्वचित मिळतो. तो मिळवायला किडे आधी मारावे लागले, हे वेगळं.

यात धंद्याचीही एक अडचण आहे. औषध दरवर्षी विकता येतं. असा ढालकिडा एकदा नांदता झाला की शेजारच्या बागेत आपल्या पायांनी जातो, मग त्याला गिऱ्हाईक कुठून मिळणार? म्हणून हे काम पहिल्यापासून सरकारं, विद्यापीठं आणि सहकारी संस्थांकडे राहिलं, आणि त्यांचा पैसा आटला की तेही आटतं.

महाराष्ट्राला किड्यांच्या या कामाची प्रचिती २००२ च्या पावसाळ्यात आली. सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांच्या पोटाशी पांढरी लोकर धरलेली दिसू लागली. लोकरी मावा. हा मावा १९५८ सालीच पश्चिम बंगालमधून नोंदलेला होता, पण इकडे तो नवाच होता. बघता बघता साताऱ्या-कोल्हापूरकडे, सोलापूर-पुण्याकडे पसरला. पानांवर चिकटा, त्यावर काळी बुरशी, फडात शिरलं की कपडे चिकट. डोक्यावर गेलेल्या उसात पंप घेऊन शिरणार कसं, आणि पानाच्या खालच्या अंगाला औषध पोचणार कसं? शेतकऱ्यांनी फवारून बघितलं, पैसे गेले.

मग माव्याच्या मागोमाग त्याचे खाणारे दिसू लागले. त्यांत मायक्रोमस नावाचा एक कीटक होता, आणि डिफा नावाची एक अळी. डिफा पतंगाची अळी आहे. पतंगाच्या अळ्या म्हणजे पानं कुरतडणार, असंच कोणालाही वाटेल. ही मात्र पानाखाली जाळी विणून तिच्या आडून मावा खात सुटते. ही अळी जिथे दिसली तिथली पानं कापून दुसऱ्या फडात नेऊन टोचायची, हेक्टरी १००० अळ्या, अशी शिफारस निघाली. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने आणि काही साखर कारखान्यांनी शेडनेटमध्ये ऊस लावून, त्यावर मावा वाढवून, माव्यावर डिफा वाढवली. आधी कीड पिकवायची आणि मग तिचा खाणारा, हे अनेकांना ऐकायलाच विचित्र वाटलं. पण मावा हटला, आणि ज्यांनी औषध मारायचं थांबवलं त्यांच्या फडात मित्रकीटकांना जम बसवायला वाव मिळाला.

क्रिप्टोलेमसही असाच वाढवतात, तांबड्या भोपळ्यावर. खोलगट खाचांचा भोपळा निवडतात, बुरशीनाशकात बुडवून वाळवतात, साल दुखावली असेल तिथे मेण लावतात, आणि लाकडी पेटीत ठेवून त्यावर पिठ्या ढेकूण सोडतात. थोड्या आठवड्यांत भोपळा पांढरा होतो, मग त्यात भुंगेरे सोडायचे. नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षबागांत मिलीबगवर, म्हणजे पिठ्या ढेकणावरच, हे भुंगेरे सोडतात. वेलींवर मुंग्या असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करावा लागतो, कारण चिकट्यासाठी त्या मिलीबगची राखण करतात आणि भुंगेऱ्याच्या अळ्यांना हुसकावतात.

खरा घोटाळा पुढे होतो. क्रिप्टोलेमसची अळी मिलीबगसारखीच दिसते, अंगभर पांढऱ्या मेणाचे झुबके. बागेत फिरताना खोडाच्या सालीखाली, घडाच्या देठाशी असे पांढरे जीव वाढलेले दिसले की किडे कामाला येत नाहीत असं वाटून पंप पाठीवर घेतला जातो, आणि पैसे देऊन आणलेले भुंगेरे आपल्याच फवाऱ्याखाली मरतात. त्यावर उपाय साधा आहे. काडीने डिवचून बघायचं. मिलीबग जागच्या जागी राहतो, फार तर संथ सरकतो. अळी त्याच्याहून मोठी असते, आणि चटकन पळते.