इतिहासाच्या सनावळीतली वजाबाकी

शाळेत तुम्ही सनावळ्या पाठ केल्या असतील. अमक्याचा जन्म, तमक्याचा मृत्यू, अमुक लढाईचे साल. आज त्याच सनावळीत एक सोपी वजाबाकी करू या. मृत्यूच्या सालातून जन्माचे साल वजा करायचे. काळ घेऊ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे १७०० ते १७४०.

मार्च १७०० मध्ये सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराजांचे निधन झाले. जन्म १६७० चा, म्हणजे वय ३०. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी १६९६ साली जन्मले आणि १७२६ साली पन्हाळ्यावर वारले. त्यांचेही वय तिशीच्या आतबाहेरच. आता महाराणी ताराबाई. पती आणि मुलगा दोघांना तिशीत गमावलेली ही स्त्री १६७५ ते १७६१ अशी ८६ वर्षे जगली. १७०७ साली अहमदनगरजवळ भिंगार येथे मरण पावलेला औरंगजेब तर ८८ वर्षांचा होता.

यातून एक गैरसमज दूर होतो. "पूर्वीची माणसे दणकट, शंभर वर्षे जगायची" हे जसे खरे नाही, तसेच "पूर्वी सगळे चाळिशीतच जायचे" हेही खरे नाही. बालमृत्यू खूप होते, म्हणून सरासरी खाली यायची. संसर्ग, बाळंतपण आणि युद्ध यांतून जो वाचला, तो त्या काळीही म्हातारा व्हायचा. माणसाचे शरीर तेच आहे. बदलली ती वाटेतली संकटे. त्यातली चार संकटे पाहू.

देवी

दुसरे शिवाजी महाराज देवीच्या रोगाने गेले. हा रोग राजवाडा आणि झोपडी यांत फरक करत नसे. १७११ साली पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट पहिला जोसेफ वयाच्या ३२ व्या वर्षी देवीनेच गेला. १७२१ मध्ये लंडनमध्ये देवीची साथ असताना लेडी मेरी माँटेग्यू या बाईंनी तुर्कस्तानात पाहिलेली पद्धत वापरून स्वतःच्या मुलीला देवी टोचून घेतल्या. त्यात धोका होता, पण रोगापेक्षा कमी. पुढे १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या देवीपासून सुरक्षित लस शोधली. १४ जून १८०२ रोजी ती आपल्या मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला दिली गेली. १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झाले. आज तिशीच्या माणसाच्या दंडावर देवीचा व्रण दिसत नाही, त्याचे कारण हे आहे. रोग दिसेनासा झाला की लस अनावश्यक वाटू लागते. गोवर अजून गेलेला नाही. बाळाचे लसीकरणाचे कार्ड एकदा काढून बघा.

बाळंतपण

ऑगस्ट १७३० मध्ये चिमाजी आप्पांच्या पत्नी रखमाबाई यांना मुलगा झाला. तोच पुढचा सदाशिवरावभाऊ. बाळ महिन्याचेही झाले नव्हते, तेव्हा आई वारली. प्रसूतीनंतरचे ४२ दिवस आजही आम्ही आईसाठी धोक्याचे मानतो. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब हे सारे याच काळात गाठतात. प्रसूतीआधी डॉक्टरांनी हात जंतुनाशकाने धुवावेत, हा नियम व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली घालून दिला. बाळंतिणीला ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, जास्त अंगावर जाणे, तीव्र डोकेदुखी किंवा झटके यांपैकी काहीही दिसले तर "बाळंतपणात होतेच" म्हणून थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

ताप

आपल्या शिरवण्यापासून बेलापूरचा किल्ला फार लांब नाही. १७३० च्या दशकात तो पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. त्यांचे थोरले बंधू बाजीराव त्या वेळी यशाच्या शिखरावर होते. जन्म १८ ऑगस्ट १७००. मृत्यू २८ एप्रिल १७४०, नर्मदाकाठी रावेरखेडी येथे, तापाने. वय ३९.

फॅरनहाइटने पाऱ्याचा तापमापक १७१४ सालीच बनवला होता, पण तोंडात धरता येईल असा छोटा थर्मामीटर यायला १८६० चे दशक उजाडले. रक्ततपासणी तर दूरच. म्हणून तेव्हा 'ज्वर' हेच निदान असायचे. आज तसे नाही. ताप हा रोग नव्हे, ती रोगाची वर्दी आहे. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड, लेप्टो या प्रत्येकाचे उपचार वेगळे. एप्रिलच्या उन्हात काम करणारा माणूस तापून बरळू लागला तर तो उष्माघात असू शकतो. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच रुग्णालयात हलवा.

दोन दिवसांहून जास्त टिकलेला ताप दाखवून घ्या. धाप, गुंगी, सतत उलट्या, पोटात तीव्र दुखणे, रक्तस्राव किंवा लघवी कमी होणे यांपैकी काही असेल तर दोन दिवसही थांबू नका. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे दोन दिवस जास्त जपायचे असतात. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन टाळा.

खोकला

बाजीरावांपाठोपाठ डिसेंबर १७४० मध्ये चिमाजी आप्पाही गेले, वयाच्या तेहतिशीत. त्यांची प्रकृती आधीपासूनच नाजूक होती. त्या काळात क्षयाने किती तरुण गेले याला गणती नाही. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ साली दाखवला. त्यावरचे पहिले परिणामकारक औषध १९४० च्या दशकात आले. आज टीबीची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि साध्या टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो. तरी दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडणारे रुग्ण मी दरवर्षी पाहतो. मग तोच जंतू औषधांना दाद देईनासा होतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करा. सुरू केलेला कोर्स पूर्ण करा.

१७४० च्या आठ महिन्यांत पेशव्यांच्या घरातले दोन्ही कर्ते भाऊ गेले. नानासाहेब एकोणीस वर्षांचे असताना पेशवे झाले. दहा वर्षांच्या सदाशिवरावाला आता आई नव्हती, वडीलही नव्हते. या घराकडे सैन्य होते, खजिना होता, वैद्य होते. नव्हते ते लस, रक्ततपासणी आणि सहा महिन्यांच्या गोळ्या. तुमच्या घरापासून या तिन्ही गोष्टी रिक्षाच्या अंतरावर आहेत. त्यांचा वापर करा.