मुलांच्या श्रद्धेचे पहिले शिक्षक : आईवडील

बालकाच्या स्नानसंस्कारात धर्मगुरूंचा पहिला प्रश्न आईवडिलांना असतो. बालकाचे नाव काय ठेवले आहे आणि ख्रिस्तसभेकडे तुम्ही काय मागता, हे विचारल्यावर ते त्यांना एका दायित्वाची आठवण करून देतात. या बालकाला श्रद्धेत वाढविण्याचे, देवावर व शेजाऱ्यावर प्रीती करण्यास शिकविण्याचे काम तुमचे आहे. त्याची तुम्हांला जाणीव आहे ना, असे ते विचारतात. आईवडील होकार देतात. मग धर्मगुरूंच्या पाठोपाठ तेही बालकाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात. विधीच्या शेवटाकडे पास्काच्या मेणबत्तीवरून पेटविलेली ज्योत त्यांच्या हाती सोपविली जाते.

याच विधीत ‘इप्फाथा’ नावाचा एक छोटासा, ऐच्छिक भाग आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला बरे करताना हा शब्द उच्चारतो. त्याचा अर्थ ‘मोकळा हो’ असा आहे. धर्मगुरू बालकाच्या कानांना व मुखाला स्पर्श करतात आणि त्याने प्रभूचे वचन ऐकावे व आपली श्रद्धा मुखाने प्रकट करावी अशी प्रार्थना करतात. येथील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी कान, मग मुख. मूल घरात जे ऐकते, तेच पुढे त्याच्या ओठांवर येते.

ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली ‘लुमेन जेन्सियुम’ या दस्तऐवजात (परिच्छेद ११) कुटुंबाला गृहरूपी ख्रिस्तसभा म्हटले आणि आईवडील हे शब्दाने व उदाहरणाने मुलांना श्रद्धा सांगणारे पहिले जन होत, असे शिकविले. १९६५ सालच्या ख्रिस्ती शिक्षणविषयक घोषणापत्रात पालकांना मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक असे स्थान दिले आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ७७४ व्या कलमाने हेच कर्तव्य कायद्याच्या भाषेत सांगितले असून धर्ममाता-पित्यांनाही ते लागू केले आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली धर्मशिक्षणावर लिहिलेल्या पत्रात कौटुंबिक धर्मशिक्षण हे इतर सर्व धर्मशिक्षणाच्या आधी येते, त्याच्या सोबत चालते व त्याला समृद्ध करते, असे प्रतिपादन केले आहे.

ही शिकवण नवीन नाही. संत पौल तीमथ्याला लिहिताना त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्या निष्कपट विश्वासाची आठवण काढतो. तीमथ्य पुढे ख्रिस्तसभेचा मेंढपाळ झाला. त्याची पहिली धर्मशाळा मात्र आजीच्या व आईच्या सहवासात भरली होती.

एक तास आणि १६८ तास

असे असूनही आपल्या धर्मग्रामांत चित्र वेगळे दिसते. मुलाला रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाला पाठविले, प्रथम ख्रिस्तप्रसाद व दृढीकरण पार पडले, की आपले काम संपले असे अनेक पालकांना वाटते. आम्ही धर्मगुरूही या समजुतीला हातभार लावला आहे. वर्ग चांगले चालावेत म्हणून जेवढी धडपड आम्ही केली, तेवढी पालकांना तयार करण्यासाठी केली नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. आठवड्याचे तास १६८. त्यांतला वर्गाचा एक. जी श्रद्धा त्या एका तासात ऐकू येते आणि उरलेल्या वेळात घरात तिचा उल्लेखही होत नाही, ती मुलाला शाळेच्या इतर विषयांसारखा एक विषय वाटू लागते. परीक्षा संपली की विषय सुटतो.

भाषेचाही प्रश्न आहे. इंग्रजी माध्यमातली मुले प्रार्थना इंग्रजीत शिकतात. आजी-आजोबा मराठीत माळ जपतात. मग एकाच घरात एकत्र प्रार्थना होणे अवघड जाते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले. हजारो ओव्यांत तारणाची कथा सांगताना त्यांनी लोकांच्या कानाला परिचित असलेला छंद निवडला. मुलांना निदान ‘आमच्या स्वर्गीय बापा’ आणि ‘नमो मरिया’ या प्रार्थना मातृभाषेतही याव्यात, एवढे तर आपण पाहू शकतो.

घरात काय करता येईल?

मूल शाळेला निघताना त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण करावी. जेवणापूर्वीची प्रार्थना आळीपाळीने प्रत्येकाने आपल्या शब्दांत म्हणावी, वडिलांनीही. शनिवारी रात्री रविवारचे शुभवर्तमान मोठ्याने वाचावे आणि मिस्साहून परतताना ‘आज तू काय ऐकलेस?’ असे विचारावे. आपण मुलावर अकारण रागावलो असू, तर त्याची क्षमा मागावी. क्षमेविषयीचे दहा धडे जे करणार नाहीत, ते ही एक क्षमायाचना करील. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली लिहिले होते की, आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे अधिक ऐकतो. मुलांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे.

श्रद्धा बोलणे म्हणजे वाद घालणे नव्हे. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून गेलेल्या मुलाला वर्गमित्र सहज विचारतो, ‘हे काय?’ उत्तर ठाऊक नसेल तर मूल ओशाळून राख पुसून टाकते. ‘आजपासून आमचा उपवासकाळ सुरू झाला. आपण मर्त्य आहोत आणि आपल्याला देवाकडे वळायचे आहे, याची ही आठवण,’ एवढे उत्तर पुरे आहे. ते आदल्या रात्री घरी समजावून द्यावे. आपल्या आशेविषयी कोणी विचारले तर सौम्यतेने व आदराने उत्तर द्यायला सिद्ध असा, असा संत पेत्राचा उपदेश आहे. मित्राच्या धर्माचा मान राखणे हा त्या उत्तराचाच भाग आहे.

मूल दूर गेले तर?

किशोरवयात मूल मिस्साला यायचे नाकारते, तेव्हा आईवडील खचून जातात. सक्तीने श्रद्धा उपजत नाही. अशा पालकांनी संत मोनिकेकडे पाहावे. तिचा पुत्र ऑगस्टिन अनेक वर्षे भरकटला. अखेर ३८७ साली, वयाच्या ३२ व्या वर्षी, मिलान येथे संत अँब्रोज यांच्या हस्ते त्याचा स्नानसंस्कार झाला. ख्रिस्ताचे नाव आपण आईच्या दुधाबरोबर प्यालो होतो, म्हणून ते नाव नसलेले कोणतेही ज्ञान आपल्याला पुरते जिंकू शकले नाही, अशी त्याने आपल्या आत्मकथनात कबुली दिली आहे. कानात पडलेले वाया गेले नव्हते.

आणि कधी क्रम उलटतो. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद लाभलेले कार्लो अकुतिस अवघ्या १५ व्या वर्षी, २००६ साली, निवर्तले. आपण पूर्वी फारशा चर्चला जात नव्हतो, मुलाच्या प्रश्नांनीच आपल्याला श्रद्धेकडे परत आणले, असे त्यांच्या आईने जाहीरपणे सांगितले आहे. आईवडील मुलांना शुभवर्तमान देतात आणि मुलांकडून ते स्वीकारूही शकतात, हेही पोप सहावे पॉल यांनी लिहून ठेवले होते.

स्नानसंस्काराच्या वेळी मिळालेली मेणबत्ती पुष्कळ घरांत कपाटात जपून ठेवलेली असते. मुलाच्या स्नानसंस्काराच्या वाढदिवशी ती बाहेर काढावी, पेटवावी आणि त्या दिवशी आपण कशाला होकार दिला होता, हे त्याला सांगावे. सुरुवात करण्यास तो दिवस उत्तम आहे.