पाकिटातली खसखस

मंडळी, दिवाळी आणि खसखस यांचं नातं तुम्हांला नव्याने सांगायला नको. अनारसा थापायचा तो खसखशीवरच. पण याच खसखशीने एकदा इथे लंडनमध्ये खुद्द ब्रिटिश सरकारची चोरी पकडून दिली होती, हे मला आत्ताआत्तापर्यंत ठाऊक नव्हतं. आणि ती गोष्ट माझ्यापर्यंत पोचली ती एका कडू प्रसंगामुळे.

गेल्या वर्षी सांगलीला आमच्या बाबांना व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी गणवेशातला माणूस. "तुमच्या मुलाच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. कुणाशी बोललात तर त्याला तिथे अटक होईल." माझं पूर्ण नाव, लंडनचा पत्ता, नातीची शाळा, सगळं त्याला पाठ! आयुष्यभर हेडमास्तरकी केलेले बाबा पाच तास खोलीचं दार लावून बसले आणि शेवटी दोन लाख रुपये पाठवून मोकळे झाले. नंतर ते एवढंच म्हणाले, "अरे, त्याला आपलं सगळं माहीत होतं. मग मला खरंच वाटलं."

ते वाक्य डोक्यातून जाईना. इंटरनेटवर एवढी कुलपं आहेत म्हणतात, मग चोर आत शिरला कसा? म्हणून मी या कुलपांचा इतिहास वाचायला घेतला, आणि पहिल्याच पानांत भेटला जोसेफ मॅझिनी.

मॅझिनी हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. सावरकरांनी लंडनमध्ये राहून त्याच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद केला आणि तो १९०७ साली प्रसिद्ध झाला. हा इटालियन क्रांतिकारक १८३७ पासून लंडनमध्ये आश्रयाला होता. आज जिथे आपण हिऱ्याच्या अंगठ्या बघायला जातो, त्या हॅटन गार्डन भागात त्याने १८४१ साली गरीब इटालियन मुलांसाठी मोफत शाळाही काढली होती. १८४४ मध्ये त्याला शंका आली की आपली पत्रं कुणीतरी फोडून वाचतंय. पण नुसत्या शंकेवर त्याने आरडाओरडा केला नाही. पाकिटांत खसखशीचे दाणे, केस, वाळूचे कण घालून पत्रं पोस्टात टाकली. पाकिटं पोचली, दाणे गायब! वाटेत कुणीतरी पाकीट उघडून पुन्हा बेमालूम चिकटवलं होतं.

जूनमध्ये डंकम या खासदाराने हा विषय पार्लमेंटमध्ये आणला आणि एकच गदारोळ झाला. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांच्या वॉरंटवरून पोस्टच पत्रं उघडत होतं. पेनी पोस्ट १८४० साली सुरू झाल्यामुळे पत्र आता साध्या माणसाच्या आवाक्यात आलं होतं, त्यामुळे हा राग एका परदेशी क्रांतिकारकापुरता राहिला नाही. लोक पाकिटांवर 'नॉट टू बी ग्रॅहम्ड' असं लिहायला लागले. त्याच वर्षी पोस्टातली परदेशी पत्रं फोडणारी गुप्त शाखा बंद झाली. वॉरंट काढून पत्र उघडायचा सरकारचा अधिकार मात्र कायम राहिला. लोकांनी ओरड केली म्हणून सरकारने एक पाऊल मागे घेतलं, पण हात पूर्ण आखडला नाही. पुढची पावणेदोनशे वर्षं हेच नाटक, फक्त नेपथ्य बदलून, चालू आहे.

आता जरा पुढे येऊ. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला ईमेल पाठवला. तेव्हाचं नेटवर्क मोजक्या संशोधकांचं, वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखं. दाराला कडी कोण लावणार? त्यामुळे ईमेल जन्माला आला तो पोस्टकार्डासारखा उघडा. वाटेतल्या कुणीही वाचावा.

कुलूप सापडलं ते मात्र याच देशात. चेल्टनहॅमच्या जीसीएचक्यू या गुप्तहेर खात्यातल्या जेम्स एलिस यांनी १९७० साली अजब कल्पना मांडली : किल्ली एकमेकांना न देताच गुप्त निरोप पाठवता येईल. समजा, मी माझी उघडी कुलपं गावभर वाटली. कुणीही निरोप पेटीत घालून माझं कुलूप दाबून लावावं. किल्ली फक्त माझ्या खिशात. १९७३ साली खात्यात नव्याने आलेल्या क्लिफर्ड कॉक्स या तरुणाने त्याचं गणित बसवलं. ६१ आणि ५३ यांचा गुणाकार ३२३३, हे शाळकरी पोर सांगेल. पण नुसतं ३२३३ देऊन ते दोन आकडे शोधायला सांगा, घाम फुटेल. आकडे शेकडो अंकी घेतले की संगणकालाही फुटतो.

सरकारने हा शोध तिजोरीत ठेवला. अमेरिकेत डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर, ॲडलमन यांनी ती पुरी केली. कीर्ती त्यांना मिळाली. चेल्टनहॅमची गोष्ट जाहीर झाली डिसेंबर १९९७ मध्ये, एलिस वारल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी!

कुलूप लोकांच्या हाती पडू नये असं अमेरिकन सरकारलाही वाटत होतं. निर्यातीच्या कायद्यात ते चक्क शस्त्रांच्या यादीत होतं. फिल झिमरमन यांनी १९९१ साली 'पीजीपी' हे ईमेलचं कुलूप फुकट वाटलं, तर तीन वर्षं त्यांची चौकशी चालली. त्यांनी काय करावं? सगळा प्रोग्रॅम १९९५ मध्ये पुस्तक म्हणून छापला. पुस्तकाला कोण अडवणार? त्याच वर्षी, परदेशी ग्राहकांना नेटस्केपबरोबर मिळणारं मुद्दाम कच्चं ठेवलेलं कुलूप फ्रान्समधल्या एका संशोधकाने सुमारे १२० संगणक लावून आठ दिवसांत फोडलं. अखेर २००० साली निर्बंध बरेच सैल झाले. आपण घरबसल्या आईला पैसे पाठवतो, ते या भांडणांच्या जोरावर.

भांडण संपलेलं नाही. व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये सगळ्यांच्या निरोपांना कुलूप घातलं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आणि इथे ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने आपलं सर्वांत पक्कं कुलूप नव्या ग्राहकांना देणं थांबवलं. ग्रॅहमसाहेब हसले असतील.

मग बाबांचं काय झालं? मंडळी, त्यांचं एकही कुलूप फुटलं नव्हतं. चोर दारावर आला आणि बाबांनीच आतून कडी काढली. आणि ती काढावी इतका विश्वास त्याला दिला कुणी? मीच. लेकीचा शाळेच्या पहिल्या दिवसाचा, गणवेशातला फोटो मी हौसेने सगळ्यांसाठी टाकला होता. नव्या घराची पाटीही. 'त्याला आपलं सगळं माहीत होतं', ते असं. गणित वाटेचं रक्षण करतं, पण पलीकडे कोण बसलंय हे ते सांगत नाही. ब्राउझरमधलं छोटं कुलूप बघून लोक साइटच खरी मानू लागले, म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्हच काढून टाकलं.

मॅझिनीकडून शिकायचं ते हेच : शंका आली की आधी खात्री. भारतीय कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकारच नाही, हे आपापल्या आईवडिलांना या दिवाळीत फोनवर नक्की सांगा. फसगत झालीच तर लाजू नका, भारतातून ताबडतोब १९३० ला फोन करायचा. बाबा लाजेने दोन दिवस गप्प बसले, तोवर पैसे पार निघून गेले होते.

आणि आमच्या घरी आता एक शब्द ठरलाय. पैशाचा किंवा संकटाचा फोन आला, आवाज कितीही ओळखीचा असला, तरी आधी तो शब्द विचारायचा. परवा मी घाईत बाबांना बँकेचं काहीतरी विचारलं, तर हेडमास्तरांच्या आवाजात प्रश्न आला, "आधी शब्द सांग!" मी सांगितला. पलीकडे आई हसली. शब्द कोणता, ते अर्थातच इथे छापणार नाही.

तुम्हां सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!